दरडीआधीची माती

खालापूर, २२ जून १९८६

मोरू, तुला आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमननं दारात उभं राहून माझं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा शेजारची गोदूबाई म्हणाली, "लेकाचं पत्र आलं गं! आली बघ आठवण." मी आत जाऊन फोडलं. वर नाव माझं होतं, आत मात्र सगळं तू बनवलेल्या त्या व्हिडिओ खेळाच्या यंत्राबद्दल. लोक तुझा खेळ खेळतात का, कुठं आलं की सोडून देतात, हरलेला माणूस पुन्हा खेळतो का. हॉटेलवाल्या येसाजीला लिहिता येत नाही म्हणून तुला विचारतोय, असंही तू लिहिलंस. कारण काही का असेना, विचारलंस. गोदूबाईला मी सांगितलं, खुशाल आहे.

आता तुझ्या प्रश्नांचं.

येसाजीनं तुझं यंत्र हॉटेलात पाण्याच्या पिंपाशेजारी उभं केलंय. पलीकडे तो दुसरा, विमानांचा परदेशी खेळ. मी येसाजीच्या बायकोचे तांदूळ निवडून देते, म्हणजे तिथं बसायला निमित्त होतं. सूप मांडीवर आणि डोळे तुझ्या यंत्रावर. फाट्यावर गाड्या थांबतात, ड्रायव्हर लोक चहाभजी घेऊन घाट चढायला निघतात. तुझा खेळ दिसला की आधी त्यांना मौज वाटते. पडद्यावर घाट, घाटात ट्रक, तो वर न्यायचा. "आयला, आपलीच गाडी!" म्हणून दांडा धरतात. दोनतीन वळणं नीट जातात. मग वरून धोंडा येतो आणि ट्रक दरीत. एखादा आणखी एकदा बघतो. मग विमानांकडे जातो, तो परत येत नाही.

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण हात कळतात. विमानाच्या खेळात हरला की माणूस स्वतःच्या कपाळावर हात मारतो. तुझ्या खेळात हरला की डब्यावर थाप मारतो. एकानं तर लाथ घातली, येसाजी धावला त्याच्या अंगावर. कपाळावर हात मारणारा लगेच खिसा चाचपतो. डब्याला मारणारा निघून जातो. एवढाच फरक मला दिसला. त्याचा तुला काही उपयोग आहे का ते तू बघ.

तू विचारलं नाहीस ते लिहू नये, पण कागद उरलाय. गिरण तुझ्या चुलत्याकडे आहे, चालू आहे. मी तिकडे फार जात नाही. पट्ट्याचा आवाज आला की मी अजून कान देते, आणि मग कळतं की आता तो आवाज दुसऱ्याच्या हातचा आहे. तुझे बाबा त्याच पट्ट्याशेजारी उभं राहून तुला म्हणाले होते, "ह्यात भात घातलं का तांदूळ पडतो. तुझ्या डब्यात पैका घातला का काय पडतं रं?" आणि तू म्हणालास, "पडंल तेव्हाच ह्या घराचा उंबरा चढेन." रागात कोण काय बोलत नाही? पण तू ते धरून बसलास. माघात ते गेले तेव्हा आलास, मडकं धरलंस, नदीवर सगळं रीतसर केलंस, आणि तेराव्यापर्यंत येसाजीच्या मागच्या खोलीत निजलास. मी ताट झाकून तिकडे पाठवत होते. मोरू, मेलेल्या माणसाशी कुणी पैज लावून बसतं का?

हे खोडायचं होतं, पण शाई ओली होती, सगळं डागाळलं असतं. राहू दे.

तुझी आई


खालापूर, २० जुलै १९८६

मोरू,

तुझं पत्र आलं. त्यात "हाताचं बरोबर पकडलंस" असं लिहिलंयस. एवढ्या वर्षांत तुला माझं काही बरोबर वाटलं ते हे.

तू म्हणतोस, कुणाला तरी नीट विचार, खेळ का सोडतात ते. मी हिरूला विचारलं. हिरू खोपोलीचा, पाण्याचा टँकर चालवतो, उन्हापावसात घाटात असतो. तो तुझ्या डब्यावर हात टेकवून म्हणाला, "मावशी, ह्यो घाट कुनी बनवला? कदी घाट चढलाय का तो बाबा?"

मी म्हटलं, "लहान होता तेव्हा चढलाय, बापाबरोबर. का रं?"

"दरड अशी पडत नाय गं. आधी माती घरंगळते. बारीक खडे टपावर वाजत्यात, टप टप. तेवढ्यात काय ते ठरवायचं. ब्रेक मारायचा का गाडी फुडं काढायची. चुकलो तर आपन चुकलो. ह्यात काय हाय? ह्यात निस्तं मरायचं. मरायला चार आनं कशाला घालू?"

सगळे हसले. येसाजी म्हणाला, "हिरू, तुला फुकटात मारू का?" पण मला ते पटलं. धोंडा पडू दे, धोंड्याशिवाय घाट कसला? पण आधी माती पडायला हवी. बघणाऱ्याला दिसेल, न बघणाऱ्याला दिसणार नाही, इतकीच. म्हणजे हरलेला माणूस म्हणेल, दिसलं होतं मला, मीच गाफील राहिलो. असं म्हणणारा पुन्हा खेळतो.

हे लिहिताना माझ्या मनात काय येत होतं ते तुला सांगते, सांगायला दुसरं कोण आहे? तुझे बाबा सकाळी पट्टा चढवायला वाकले आणि खाली बसले ते बसलेच. आदल्या दिवशी काही नाही. मी तो सगळा आठवडा मनात उलटापालटा करून बघते. जेवले नीट. शेजारच्या चिंधीच्या शेळीवरून चेष्टा केली. सोमवारी जरा लवकर आडवे झाले, पण सोमवारी उपास असायचा. मी रोज एखादा खडा शोधते, टपावर वाजलेला. सापडला असता तर मी कपाळावर हात मारून घेतला असता, माझीच चूक म्हटलं असतं, आणि चूक म्हणजे धरायला काहीतरी असतं. मला काहीच सापडत नाही. म्हणून सांगते, बिनसूचनेचा धोंडा माणसाला सोसत नाही. खेळातसुद्धा नाही.

पावसानं गिरणीमागचा बांध खचलाय. तुझा चुलता बघतोय.

आई


खालापूर, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

मोरू,

तू पाठवलेला माणूस आला, यंत्राची पाठ उघडून आतली चिप बदलून गेला. भला माणूस होता, पण मी घरी ये म्हटलं तर आला नाही. वाटतं तूच त्याला सांगून ठेवलं असशील.

आता ऐक. खेळ फिरला.

आता धोंड्याआधी डोंगरावरून चार ठिपके निसटतात. आवाज पण येतो, कुणी चाळणीत मूग टाकावेत तसा. हिरूला मी काही सांगितलं नाही. त्यानं दांडा धरला, ठिपके निसटले, तो ओरडला, "माती!" आणि ट्रक मागं घेतला. धोंडा समोर पडला. हॉटेलातली माणसं चहा ठेवून उठली. पुढच्या वळणावर त्याला वाटलं धोंड्याच्या आधी निघून जाऊ. नाही निघाला. त्यानं कपाळावर हात मारला, "हावरटपना नडला! माजीच चूक." आणि दुसरा हात खिशात. मोरू, मी सूप खाली ठेवलं आणि नुसती बघत बसले.

आता विमानांपुढे कुणी नसतं. खेळणारा एक आणि मागून शिकवणारे पाच. "थांब, थांब, माती येतीय!" "तू गप, गाडी मी चालवतोय." कोंडी ठाकरीण रानभाजीची पाटी घेऊन येते, तिला एका ड्रायव्हरनं खेळायला दिलं. तिनं ट्रक सरळ दरीतच नेला आणि इतकी हसली की पाटी सांडली. म्हणाली, "माजा ट्रक मला जायचं तिकडंच गेला." मग भाजी गोळा करायच्या आधी पुन्हा खेळली.

मीही खेळले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. येसाजी म्हणाला, "वैनी, लाजता कशाला? तुमच्याच पोराचं हाय." पहिल्यांदा लगेच पडले, दुसऱ्यांदा बरीच वर गेले. मोरू, तेवढा वेळ तुझे बाबा गेलेत हे माझ्या ध्यानात नव्हतं. दांडा सोडला आणि परत आठवलं. चांगल्या खेळाचा हा गुण की अवगुण, ते मला सांगता येत नाही. लायब्ररीतलं पुस्तक वाचतानाही मला विसर पडतो, पण पुस्तकात मी दुसऱ्याच्या मागून चालते. इथं दांडा माझ्या हातात होता.

एक विचारायचं होतं. हिरू विचारतो म्हणून विचारते. ट्रक माथ्यावर कधी पोचतो?

आणि तू लिहिलंयस की तुमच्या कारखान्याचे शेठ दसऱ्याच्या सुमाराला लोणावळ्याला जाताना स्वतः येऊन खेळ बघणार, त्यांना पसंत पडला तर अशी पुष्कळ यंत्रं निघतील. त्याच्याखाली तू लिहिलंस, "मग घरी यायचं बघू." मी ते पत्र देवाजवळ ठेवलंय. हसू नकोस.

आई


खालापूर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

मोरू,

माथाच नाही, असं तू लिहिलंस ते कळलं. जितका चढेल तितका चढायचा, शेवटी प्रत्येक ट्रक पडतोच. मी हिरूला सांगितलं नाही.

काल जे झालं ते तुला शेठकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईनं लिहितेय. पोस्टमनसाठी थांबत नाही, स्वतः पेटीत टाकते.

काल दसरा. येसाजीनं पहाटे सगळं धुतलं. तराजू, कढई, झारा, सायकल, रेडिओ, सगळ्यांना हळदकुंकू. आणि सगळ्यात पुढं तुझं यंत्र. त्याची वायर काढून नीट गुंडाळून वर ठेवली. झेंडूचा केवढा तरी मोठा हार, आपट्याची पानं, समोर पाट, पाटावर नारळ. ड्रायव्हर लोक पाया पडून जात होते. मलाही भरून आलं. तुझ्या हातच्या वस्तूला लोक नमस्कार करतायत आणि बघायला तू नाहीस.

दुपारी मोटार थांबली. शेठ, त्यांची बायको, मुली. शेठ थेट यंत्राकडे आले. काळा पडदा, वर हार.

"हे बंद का?"

येसाजी म्हणाला, "आज दसरा हाय शेठ. आज त्याला सुट्टी. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली का चालू."

"अहो, सुट्टीच्या दिवशीच तर धंदा असतो! मी मुद्दाम सुट्टी बघून आलोय."

"मग उद्या या की."

शेठनी एक बटण दाबून बघितलं. बायकोला म्हणाले, "हार घातलाय म्हणजे गेलंच की हे." ती हसली. मुलीही हसल्या.

मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, रोज इथं रांग असते. पुढचा हरायची वाट बघत माणसं उभी असतात. हरलेला माणूस परत खेळतो." त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?" आणि मी म्हणाले, "मी तांदूळ निवडायला येते." आई म्हटलं असतं तर त्यांनी ते आईचं बोलणं धरलं असतं. पण तांदूळ निवडणारीचं तरी कुठं धरलं? त्यांनी मान हलवली आणि घड्याळ बघितलं.

मी येसाजीला बाजूला घेतलं. म्हटलं, "भाऊजी, पोराचा प्रश्न आहे. घडीभर चालू करा. हार मी काढते, काय पाप लागायचं ते मला लागू दे." वायर घ्यायला हातसुद्धा वर नेला. येसाजी रागावला नाही. अगदी हळू म्हणाला, "वैनी, तुमच्या मालकांनी कदी दसऱ्याला गिरण चालवली व्हती का?"

मोरू, तुला आठवत असेल, एका दसऱ्याला कळंबहून माणूस आला होता, दुसऱ्या दिवशी घरात बारसं, भात भरडून पाहिजे. रडकुंडीला आला होता. तुझ्या बाबांनी आपल्या घरातले तांदूळ पोतं भरून दिले, पण पट्टा चढवला नाही. म्हणाले, वर्षभर राबतंय ते, एक दिवस त्याला कुणी हुकूम करायचा नाही. तू तेव्हा त्या पोत्यावर बसला होतास.

माझा हात खाली आला. मी अजूनही सांगू शकत नाही की येसाजीचं चुकलं. आणि माझं चुकलं असंही नाही. तुझ्या शेठचंही काय? त्यांना दसरा म्हणजे सुट्टी, आम्हाला दसरा म्हणजे यंत्राची सुट्टी. कुणाचंच चुकलं नाही आणि मोटार निघून गेली.

आज सकाळी उत्तरपूजा झाली, वायर लावली. आता मी बघतेय ती रांग दारापर्यंत आहे. मी एकदा घाटाकडच्या रस्त्यावर जाऊनही आले. मोटार कशी दिसणार? आता ते लोणावळ्यात असतील.

तू त्यांना सांग. पुन्हा एकदा या म्हणावं, कुठल्याही साध्या दिवशी.

आई


खालापूर, १६ नोव्हेंबर १९८६

मोरू,

दिवाळी झाली. तुझं पत्र नाही. मी दोन पाठवली, हे तिसरं.

यंत्राच्या पाठीवर शेठचा पत्ता आहे, तो मी उतरवून घेतला आणि त्यांना पत्र लिहिलं. या वेळी मी कोण ते खरं लिहिलं. त्यात मी खेळाबद्दलच लिहिलं, दुसरं काही मागितलं नाही. खेळ चांगला कशानं होतो ते मला आता जेवढं कळतं तेवढं. तो माणसाला फसवत नाही. सांगून सवरून पाडतो. पडलेल्याला असं वाटतं की आपण याहून शहाणे आहोत आणि आता ते दाखवून देऊ. रंग, आवाज वगैरे विमानांच्या खेळात जास्त आहेत, तरी लोक तुझ्याकडे येतात, हेही लिहिलं. उत्तर नाही. त्यांना मराठी वाचता येतं का ते मला माहीत नाही. बोलत तर होते.

हिरू विचारतो, "मावशी, नवा घाट कदी पाठवतोय तुजा पोरगा? ह्या घाटातली वळनं पाठ झाली आता." मी सांगते, करतोय.

रागावला असशील तर तसं लिही. शिव्या लिही. नुसतं कोरं अंतर्देशीय टाकलंस तरी चालेल, तुझ्या हातचा पत्ता दिसेल.

आई


खालापूर, ७ डिसेंबर १९८६

मोरू,

परवा तू येऊन गेलास.

मला संध्याकाळी कळलं. येसाजी घरी आला, बसला नाही, दारातच उभा. म्हणाला, "वैनी, मोरू आला व्हता. टेंपो घेऊन. यंत्र घेऊन गेला." मी विचारलं, किती वेळ होता? म्हणाला, "बराच वेळ. हिरू खेळत व्हता, त्याचा डाव संपेस्तोवर थांबला. मागं उभं राहून बघत व्हता. हिरूला काय म्हाईत हा कोन ते. हिरू हरला, कपाळ बडवलं, तर तुमचा पोरगा हसला. मग म्हनला, आता वायर काढा."

"माझं काही विचारलं?"

"विचारलं की. आई कशी हाय म्हनला. मी म्हनलं, जाऊन बघ, हाय का लांब? हितनं कौलं दिसत्यात. तर म्हनला, रिकाम्या हातानं नाय जानार." येसाजीनं खूप समजावलं, असं तो म्हणतो. तुझ्या खांद्याला धरून घराच्या रस्त्यापर्यंत आणलं. तू चहा प्यायलास आणि टेंपोत बसलास. शेठची नोकरी आणि तिच्याबरोबर जुनी खोलीही सुटल्याचं त्यालाच सांगितलंस. आता कुठं राहतोस ते नाही सांगितलंस.

मी त्या वेळी घरातच होते. मागच्या पडवीत, वाल सोलत. फाट्यावर गाड्या वाजतच असतात, कुठला हॉर्न तुझ्या टेंपोचा होता ते आता कसं कळावं? आदल्या दिवशी शेजारच्या जनानं घरी बोलावलं होतं, डोकं दुखतं म्हणून गेले नाही. परवा येसाजीकडेही त्यामुळेच गेले नाही, जनाला दिसले असते तर? डोकं काही एवढं दुखत नव्हतं.

मी तुला दोष देत नाही. तू कसा आहेस ते मला माहीत आहे, मी त्याच माणसाबरोबर संसार केलाय. तोही एकदा नाही म्हणाला की जगाच्या हातापाया पडून उपयोग नसे. फक्त एक सांगते, पुढं कधी हे कुणी तुला सांगणार नाही. मला त्या यंत्रातून काही पडायला नको होतं. तुझ्या बाबांना हवं होतं, तुला हवं होतं. मी मधे उभी होते, मला कुणी विचारलं नाही. मला विचारलंस ते खेळाबद्दल, आणि मी सगळं खरं सांगितलं. रिकाम्या हाताचं विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं.

खेळ चांगला आहे, मोरू. शेठनं नाही बघितला म्हणून तो वाईट होत नाही. पिंपाशेजारची जागा रिकामी आहे, ड्रायव्हर लोक येतात, तिकडे बघतात, चहा पिऊन जातात.

यंत्र नेणाऱ्या टेंपोवाल्याचं नाव विठू, तो आपल्या वावोशीकडचा निघाला. काल त्याला शोधून काढला. तो म्हणाला, "काकी, मी त्याला एका गल्लीच्या तोंडाशी उतरवला. यंत्र आमी दोघांनी खाली घेतलं. मग तो म्हनला, तू जा, मी बघतो. कुठल्या घरात नेलं ते मी बघितलं नाय." उद्या तो भाजी घेऊन पुन्हा तिकडेच जातोय. हे पत्र त्याच्या हातात देतेय. गल्लीत विचार म्हटलं, एवढं मोठं यंत्र घेऊन आलेला माणूस कुणाला तरी दिसला असेल.

विठू म्हणाला, "नाय सापडला तर परत आनून देतो."

मी म्हणाले, "परत नको आणू रं. तिकडंच ठेव कुणाकडं तरी."

आई